सॉफ्टवेअरचं बारसं बंद करायचं का?

दर एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये उबुंटू या संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टमची नवी आवृत्ती निघते. तिच्या नावात एक विशेषण येतं, एक प्राणी येतो, आणि त्यांच्या मागोमाग एक जुनाच वाद येतो. गोव्यात पर्वरीपासून वेर्ण्यापर्यंत जिथे म्हणून चार प्रोग्रामर एका टेबलावर जेवतात तिथे तो झडतो, आणि बहुतेक वेळा वाईट झडतो. एक बाजू म्हणते, 'क्वेस्टिंग क्वोक्का' हे काय नाव झालं? २५.१० म्हणा आणि मोकळे व्हा. ऑपरेटिंग सिस्टम आहे, बालवाडी नव्हे. दुसरी बाजू म्हणते, असू द्या की थोडी गंमत, सगळंच रुक्ष कशाला करता? भांडतात कडाडून, पण दोघांनीही एक गोष्ट न तपासता मान्य केलेली असते: आकडा हे खरं काम आणि नाव ही वरची वेलबुट्टी. मग वाद उरतो तो इतकाच की वेलबुट्टी आवडते की नाही. माझं म्हणणं असं की हे गृहीतकच खोटं आहे. नाव आणि आकडा वेगवेगळी कामं करतात. नावाचं काम आकड्याला जमत नाही आणि आकड्याचं नावाला. ज्या आवृत्त्या वर्षानुवर्षं लोकांच्या यंत्रांवर राहणार आहेत त्यांना नाव द्यायची रीत मोडू नये. मात्र त्या नावाने क्रमही सांगावा, ही अपेक्षा सोडून द्यावी.

विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा क्रमाचाच आहे, आणि तो मी आधीच पूर्ण मान्य करतो. ॲपलने २००१ पासून मॅकच्या आवृत्त्यांना चीता, प्यूमा, जग्वार अशी मार्जारकुळातली नावं दिली, २०१३ पासून कॅलिफोर्नियातली ठिकाणं घेतली. मोहावी आधीची की सिएरा? कॅटलिना नवी की सोनोमा? जन्म कॅलिफोर्नियात काढलेल्यालाही हे पाठ केल्याशिवाय सांगता येणार नाही. उबुंटूने २००६ च्या 'डॅपर ड्रेक'पासून वर्णानुक्रम धरला खरा, पण इंग्रजी अक्षरं पडली सव्वीस. २०१७ साली 'झेस्टी'नंतर 'आर्टफुल' आली आणि वर्णमाला पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. तेव्हा क्रम हवा असेल तर आकडाच हवा. यात वाद नाही.

गूगलचा दाखलाही विरोधकांच्या बाजूने आहे, निदान वरवर. अँड्रॉइडच्या आवृत्त्यांना कपकेक, डोनटपासून पायपर्यंत गोड पदार्थांची नावं होती. २०१९ मध्ये दहावी आवृत्ती नुसती 'अँड्रॉइड १०' झाली. कंपनीने कारणं दिली: काही भाषांत 'ल' आणि 'र' बोलताना वेगळे ऐकू येत नाहीत, काही देशांत पाय हा जेवणानंतरचा गोड पदार्थच नाही, आणि मार्शमेलो जगात सगळीकडे खाल्लं जात नाही. खरंच आहे. म्हापशाच्या मोबाइलच्या दुकानात 'माझ्याकडे मार्शमेलो आहे' असं सांगणारं गिऱ्हाईक मी तरी पाहिलेलं नाही. पण हा दाखला देणारे पुढचं सांगत नाहीत. गूगलच्या आत नावं थांबलीच नाहीत. दहाव्या आवृत्तीला क्विन्स टार्ट, अकराव्या आवृत्तीला रेड व्हेल्व्हेट केक, तेराव्या आवृत्तीला तिरामिसू, सोळाव्या आवृत्तीला बाकलावा. म्हणजे झालं काय? गिऱ्हाइकासमोरून नाव काढलं आणि काम करणाऱ्यांकडे ठेवलं. नाव हा निव्वळ पोरखेळ असता, तर तारखांच्या मागे धावणाऱ्या अभियंत्यांनीच तो सगळ्यात आधी टाकून दिला नसता का?

आपण मूल जन्मल्यावर बाराव्या दिवशी बारसं करतो. सॉफ्टवेअरला नाव जन्माच्या कितीतरी आधी लागतं, कारण त्याचा आकडा खऱ्या अर्थाने जन्माच्या वेळीच पक्का होतो. डेबियन या ऑपरेटिंग सिस्टमच्या प्रकल्पाने हे ठेच लागून शिकलं. १९९५ साली एका सीडी विकणाऱ्या कंपनीने डेबियनचं अर्धवट, अजून तयार न झालेलं काम उचललं आणि '१.०' म्हणून विकायला काढलं. डिसेंबरात जाहीर करावं लागलं की ही आमची १.० नव्हे. मग १.० हा आकडाच सोडून द्यावा लागला. जून १९९६ मध्ये आली ती थेट १.१, आणि तिचं नाव होतं 'बझ'. चूक सीडीवाल्यांची, हे खरं, पण चुकीला जागा आकड्याने करून दिली होती. आकडा दिसला की माणसाला वाटतं, माल तयार आहे. तेव्हापासून डेबियनमधलं चालू काम आकड्याच्या नव्हे, नावाच्या फोल्डरात राहतं. नावं 'टॉय स्टोरी' या चित्रपटातल्या खेळण्यांची, कारण त्या वेळी प्रकल्पाची धुरा वाहणारे ब्रूस पेरेन्स तो चित्रपट बनवणाऱ्या पिक्सारमध्ये नोकरीला होते. जी शाखा कायम अस्थिर असते तिचं नाव कायम 'सिड' – चित्रपटातला शेजारचा, खेळणी मोडणारा पोरगा. पोरखेळ म्हणा हवं तर, पण 'सिड' हे नाव ऐकून कोणी ती शाखा बँकेच्या सर्व्हरवर चढवणार नाही, आणि इतकी स्पष्ट ताकीद एकाही आकड्याला देता आलेली नाही.

उबुंटूची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथे आकडा म्हणजे चक्क तारीख, वर्ष आणि महिना. 'डॅपर ड्रेक' एप्रिल २००६ मध्ये, म्हणजे ६.०४ म्हणून निघायची होती. काम लांबलं, सहा आठवडे पुढे गेली, आणि आकडा झाला ६.०६. त्या मधल्या काळात ज्या कोणी '६.०४' म्हणून टिपणं काढली, दोष नोंदवले, सूचना लिहिल्या, त्यांच्या हाती नसलेल्या आवृत्तीचा आकडा राहिला. 'डॅपर' लिहिणाऱ्यांना एक अक्षर बदलावं लागलं नाही. आकडेवाल्यांनी याचं उत्तर द्यावं: जी गोष्ट अजून झालेली नाही, कधी होईल तेही ठाऊक नाही, तिच्याबद्दल वर्षभर रोज बोलायचं, तर तिला म्हणायचं काय? 'पुढची'? पुढची म्हटलेली एक दिवस आताची होते आणि नंतर मागची. डेबियनमध्ये 'स्टेबल' (स्थिर, म्हणजे वापरायला तयार) हा शब्द नेमका असा आहे. ते पद आहे, व्यक्ती नव्हे. त्या खुर्चीवर दर दोनेक वर्षांनी दुसरी आवृत्ती बसते. ९ ऑगस्ट २०२५ ला 'ट्रिक्सी' बाहेर पडली त्या दिवशी 'स्टेबल'चा अर्थ बदलला, आणि ज्यांनी आपल्या यंत्राच्या फाइलीत 'स्टेबल' लिहून ठेवलं होतं त्यांच्यापुढे मोठ्या अपग्रेडचा प्रश्न न मागता उभा राहिला. 'बुकवर्म' हे आधीच्या आवृत्तीचं नाव लिहिलेल्यांची कामं दुसऱ्या दिवशीही जशीच्या तशी चालू होती.

आता आकड्याच्या प्रामाणिकपणाकडे वळू, कारण नावावर टीका करणारे आकड्याला सत्यवचनी समजतात. विंडोज ८ नंतर ९ आलीच नाही, थेट १० आली. विंडोज ७ स्वतःला आतून ६.१ म्हणवते आणि विंडोज ११ आतून १०.० म्हणवते. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेची सहावी आवृत्ती कधी निघालीच नाही, पाचनंतर सात. स्लॅकवेअर या लिनक्सने १९९९ मध्ये चारवरून सातवर उडी मारली. लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, २०११ मध्ये २.६.३९ वरून ३.० झालं, आणि त्यात काही मोठा बदल नव्हता. आकडे फार लांबले म्हणून लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ते आखूड केले. मॅकची पंधरावी आवृत्ती 'सेकोया', आणि तिच्या पुढच्या वर्षीची 'ताहो' ही सव्विसावी! डोनाल्ड कनूथ यांचं टेक हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर तर दर दुरुस्तीला गणितातल्या 'पाय'च्या किमतीकडे एकेक अंक सरकतं: ३.१४, ३.१४१, ३.१४१५. ते मला मनापासून आवडतं, पण त्याला मोजदाद म्हणायची माझी तयारी नाही. हे सगळे आकडे म्हणजे गणिताचे कपडे घातलेली नावंच आहेत. फरक इतकाच की उघडउघड नाव असलेलं नाव मोजदादीचा आव आणत नाही. आधी-नंतर एवढं आकड्यांतून कळतं, ते मी वर मान्य केलंच. पण बदल किती मोठा, मधे काही गेलं का, हे सांगायचं वचन आकडा देतो आणि पाळत नाही.

मग दोन्ही कशाला, एकाने भागत नाही का? इथे आपल्याच परंपरेकडे पाहावं. पाडव्याला देवळात पंचांग वाचतात तेव्हा वर्ष दोनदा सांगितलं जातं, जसं २०२५ च्या पाडव्याला: शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सर. प्रभवापासून क्षयापर्यंत संवत्सरं साठ, त्यामुळे साठ वर्षांनी तेच नाव परत येतं. शके १८८७ हेही विश्वावसुच होतं. नुसत्या नावावर भिस्त ठेवली तर आजोबा आणि नातू एकाच वर्षी जन्मल्याचं निघेल. म्हणून मोजायला शक. पण मग नाव टाकून का दिलं नाही? दख्खनच्या जुन्या शिलालेखांत आणि ताम्रपटांत शकाच्या आकड्यासोबत संवत्सराचं नाव कोरलेलं सापडतं, आणि त्याचा उपयोग आज अभ्यासकांना होतो. दगड झिजला, एखादा अंक उडाला, कोरणाऱ्याचा हात चुकला, की संवत्सराचं नाव साक्षीला उभं राहतं. आकडा आणि नाव जुळले तर तारीख पक्की, नाही जुळले तर कुठेतरी चूक आहे हे निदान कळतं. दोन वेगळ्या प्रकारच्या खुणा एकत्र ठेवल्या की एक दुसरीची चूक पकडते. फोनवरून दुरुस्ती सांगणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा. 'बावीस शून्य चार' आणि 'चोवीस शून्य चार' यांत खराब लाइनवर फरक किती ऐकू येतो? पलीकडचा 'जॅमी' म्हणाला की बावीस, 'नोबल' म्हणाला की चोवीस. गोंधळ तिथेच संपतो. नुसत्या आकड्यांच्या जगात चुकीचा आकडाही अगदी बरोबर आकड्यासारखाच दिसतो.

आणि आठवणीचं काय? मे २०२१ मध्ये गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलेलं वादळ कोणतं, हे इथे शाळेतल्या पोरालाही सांगता येतं. तौक्ते. नाव म्यानमारने सुचवलेलं. इंग्रजी स्पेलिंग पाहून त्याचा उच्चार करताना भल्याभल्या निवेदकांची जीभ अडखळली. तरी बसलं. पडलेली माडं, गेलेली वीज, उडालेले पत्रे, सगळं त्या नावाखाली जमा झालं. नोव्हेंबर २००९ चं फयान तसंच. हवामानखात्याच्या दप्तरी वादळांची क्रमवार नोंदही असते, असायलाच हवी. पण उत्तर हिंद महासागरातल्या वादळांना २००४ पासून नावं मिळू लागली ती दप्तरासाठी नव्हेत, होडी किनाऱ्यावर ओढायची की नाही हे ठरवणाऱ्यासाठी. सॉफ्टवेअरची सगळ्यात मोठी सूचनाही वादळाच्या सूचनेसारखीच असते: अमुक तारखेनंतर याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत, बाहेर पडा. ८ एप्रिल २०१४ ला 'एक्सपी' बंद होणार, हे कचेरीतल्या कारकुनापर्यंत पोचलं. 'विंडोज ५.१ चा सपोर्ट संपतोय' असं सांगितलं असतं तर कोण हललं असतं? त्याच एप्रिलमध्ये इंटरनेटवरचा व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधला एक दोष उघड झाला. त्याचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०१४-०१६०. तुम्हाला तो आठवत नसणार, 'हार्टब्लीड' आठवेल.

विरोधकांचा दुसरा आक्षेप मला पहिल्याहून जास्त टोचतो. ही नावं कोणाची? जगभर वापरायच्या वस्तूला अमेरिकेतल्या बेकरीतले पदार्थ किंवा तिथले समुद्रकिनारे का? आणि एखादं नाव दुखावणारं निघालं तर? फेडोरा या आणखी एका लिनक्सच्या सतराव्या आवृत्तीचं नाव होतं 'बीफी मिरॅकल'. गंमत म्हणून सुचवलेलं, मतदानात निवडून आलेलं. आमच्याकडे एकाच वाड्यावर गोमांस खाणारी आणि न खाणारी घरं पिढ्यानपिढ्या शेजारी नांदतात. ती एकमेकांच्या दारावर असलं काही लिहून ठेवत नाहीत. एकोणिसाव्या आवृत्तीला 'श्रोडिंगर्स कॅट' नाव दिलं, आणि त्यातल्या परक्या वळणाच्या स्वराने आणि अवतरणचिन्हाने फेडोराचीच काही साधनं बिघडली. विसाव्यानंतर फेडोराने नावं बंद केली. या प्रकारात नावाचा बचाव करायचा नाही, असं मी ठरवलं आहे. पण वाईट नावं ठेवली गेली म्हणून नावच नको, हे तर्कशास्त्र कुठलं? वादळांच्या बाबतीत हा प्रश्न कधीच सोडवलेला आहे. २०२० च्या यादीत १३ देशांनी प्रत्येकी १३, अशी १६९ नावं दिली. नियम साधे: इंग्रजीत आठ अक्षरांपेक्षा मोठं नको, उच्चारायला सोपं हवं, राजकारण, धर्म, संस्कृती, लिंग यांबाबत तटस्थ हवं, कोणाला लागेल असं नको, आणि एकदा वापरलं की पुन्हा नाही. यात एकच भर घाला, की नाव एका शब्दाचं, साध्या छोट्या इंग्रजी अक्षरांत लिहिता येणारं असावं. फेडोराची दोन्ही नावं पहिल्याच चाळणीत गळली असती.

स्वदेशी नावांनी सगळं सुटेल असं मात्र मला वाटत नाही. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या 'बॉस' या लिनक्सच्या आवृत्त्यांची नावं बघा: अनोखा, दृष्टी, उन्नती, ऊर्जा, प्रज्ञा. नावं आपली आहेत, पण सरकारी योजनांसारखी. उन्नती आधी की ऊर्जा, हे तर कळत नाहीच, पण त्यांना धरायला काही मूठही नाही. दोन्ही नावं गुळगुळीत, शुभ आणि अदलाबदल केली तरी कोणाच्या लक्षात येणार नाहीत अशी. उबुंटूच्या 'नोबल नंबॅट'मधला नंबॅट हा मुंग्या-वाळव्या खाणारा ऑस्ट्रेलियातला प्राणी आहे, मी तो कधी पाहिलेला नाही, पण तो डोक्यात राहतो. सद्गुणाचं नाव राहत नाही. खेकडा, कुर्ली, धनेश, गवा अशी नावं एखाद्या गोव्यातल्या प्रकल्पाने घ्यावीत, चटकन बसतील.

प्रत्येक अपडेटला नाव हवं असंही मी म्हणत नाही. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरच्या घरात पोचेपर्यंत कमी दाबाच्या पट्ट्याला नाव मिळत नाही, आणि असे पट्टे वादळांपेक्षा कितीतरी जास्त येतात. क्रोमची नवी आवृत्ती दर काही आठवड्यांनी येते, आपसूक बसते, कोणाला पत्ताही लागत नाही. तिला नाव देणं म्हणजे रोजच्या सरीला नाव देणं. नाव त्या आवृत्तीला हवं जिच्यावर लोक थांबतात: पाच-पाच वर्षं दुरुस्त्या मिळणारी, कॉलेजच्या लॅबमध्ये, पंचायतीच्या संगणकावर, कारखान्याच्या सर्व्हरवर मुक्काम ठोकणारी. आणि विकत घेतलेलं नाव नको. अँड्रॉइड ४.४ ला 'किटकॅट' म्हटलं तेव्हा पैशांची देवघेव झाली नाही असं दोन्ही कंपन्यांनी सांगितलं, पण चॉकलेटच्या वेष्टणावर अँड्रॉइडचा हिरवा यंत्रमानव छापलेला होताच.

राहिला प्रश्न नाव कोणी ठेवायचं हा. मतदान नको, असं मला अनुभवाने नव्हे तर उदाहरणांनी वाटतं. फेडोराची नावं मतदानाने ठरत आणि प्रत्येक नावाचा आधीच्या नावाशी काहीतरी धागा लागावा असा नियमही होता. एवढं करून हाती 'बीफी मिरॅकल' आलं. डिसेंबर २०१५ मध्ये सुंदर पिचाई दिल्लीत विद्यार्थ्यांशी बोलत होते. अँड्रॉइडला भारतीय पदार्थाचं नाव का नाही, असं विचारल्यावर मतदान घेता येईल असं ते हसत म्हणाले. पुढचं अक्षर इंग्रजी 'एन' होतं. केरळच्या लोकांनी नेय्यप्पमसाठी जोरदार मोहीम काढली, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात जाहीर झालं ते 'नूगा'. याउलट सप्टेंबर २०२४ मध्ये शांघायला एक मोठं वादळ धडकलं, त्याचं नाव 'बेबिंका'. आमच्या नाताळातली बेबिंका नव्हे, मकावमधली तिची बहीण. मकावने ते नाव पॅसिफिकमधल्या वादळांच्या यादीत दिलेलं होतं. कोणी मोहीम काढली नाही, कोणी मतं मागितली नाहीत, यादीत पाळी आली तेव्हा नाव लागलं. डेबियनमध्येही हे काम रिलीज टीम करते आणि आधीच करून ठेवते. चौदावी आवृत्ती 'फोर्की', पंधरावी 'ड्यूक'. ट्रिक्सीनंतर काय, हे ज्यांना विचारायचं होतं त्यांना त्यांची नावं केव्हाच मिळाली आहेत. ड्यूक कधी निघणार ते अजून कोणीही सांगितलेलं नाही, आणि तिच्याबद्दल बोलायला कोणाचं अडतही नाही.